पुढच्या गलबतानं

३ ऑक्टोबर

धाकटीस,

आशीर्वाद. घ्यायचे असतील तर घे, नाहीतर राहू देत पाकिटातच, त्यांना काही खायला लागत नाही.

हे पत्र मी गोडीगुलाबीनं लिहीत नाहीये, कामासाठी लिहितेय. आधीच सांगते, म्हणजे उगाच गैरसमज नको. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस. पत्राचं तसं नसतं. फाडायच्या आधी माणूस ते एकदा तरी वाचतोच, आणि तू तर लहानपणी दुसऱ्यांची पत्रंसुद्धा वाचायचीस.

काम असं की चर्चमध्ये नवे फादर आले आहेत. इतके तरुण की आशीर्वाद द्यायला हात वर करतात तेव्हा वर्गात उत्तर येतंय म्हणून हात वर केल्यासारखं वाटतं. त्यांनी आल्या आल्या दुरुस्ती काढली. छताला तडे गेलेत, भिंतींना ओल आलीय, सगळीकडे परांच्या बांधल्यात. आणि आता वेद्यांवरच्या सगळ्या मूर्ती खाली उतरवायच्या आहेत. सगळ्या म्हणजे थोरल्या बाईसुद्धा.

तू एवढी वर्षं लांब आहेस आणि तुला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून आठवण करून देते. गावाला त्या डाव्या वेदीवरच्या संतबाई. आपल्या घरात थोरल्या बाई. गावाला वाटतं, मूर्ती डोक्यापासून पायापर्यंत लाकडात कोरलेली आहे. खरं काय ते फक्त आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक. डोकं कोरीव आणि दोन हात कोरीव, बाकी सगळा पट्ट्यांचा पिंजरा. गोऱ्या पाद्र्यांनी चर्च बांधलं तेव्हा समुद्रापलीकडून मूर्ती मागवली. पहिल्या गलबतातून एका खोक्यात डोकं आणि हात आले, आणि बरोबर निरोप आला की अंग पुढच्या गलबतानं पाठवतो. ते पुढचं गलबत काही आलं नाही. कोणी म्हणतं बुडालं. पणजी म्हणायची, भलत्याच बंदराला लागलं, आणि तिथल्या चर्चमध्ये आजही एक बिनडोक्याच्या संतबाई उभ्या असतील, बांध्यानं मात्र झकास. मग इथल्या सुतारानं तात्पुरता पिंजरा ठोकला आणि आपल्या खापरपणजीच्या खापरपणजीनं तो झाकायला तात्पुरता पोशाख शिवला. तात्पुरतं म्हणजे काय ते आपल्या घराइतकं कोणाला कळलं नसेल.

त्यावरून तर आपल्याकडे म्हण पडली. बाबा छत्री दुरुस्त करून कधी आणणार? पुढच्या गलबतानं. उसनी नेलेली परात शेजारीण कधी परत करणार? पुढच्या गलबतानं. आणि अकरा वर्षांपूर्वी तू पिशवी घेऊन दारात उभी राहून काय म्हणालीस? "आता मी या घरात येईन ती पुढच्या गलबतानं!" छान ठसक्यात म्हणालीस. फक्त चप्पल उलटी घातली होतीस.

तर अडचण अशी. थोरल्यांना नेसवायला दोघी लागतात. एकीनं डोक्यासकट वरचा पिंजरा कवेत उचलून धरायचा आणि दुसरीनं खालच्या पिंजऱ्यात जुना पोशाख दाबून नवा चढवायचा. थोरल्यांच्या अंगाला लागलेलं कापड टाकायचं नाही, जाळायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, मग ठेवणार कुठं? त्यांच्याच पोटात. आता तू गेल्यावर मी एकटी काय कपाळ करणार? घरात दुसरी बाई नाही. आमच्या यांना घेता येत नाही, कारण एक तर ते पुरुष आणि दुसरं म्हणजे त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग मी काय केलं, तर पिंजरा उघडलाच नाही. दर वेळी नवा पोशाख जुन्यावरच चढवला, मागून उभा फाडून, आणि पाठीला कपड्यांचे चिमटे लावले. थोरल्या कोनाड्यात उभ्या, पाठ भिंतीला. कोण बघतंय?

आता बघणार आहेत. शहरातून एक जाणकार येतायत, ते प्रत्येक मूर्ती चहूबाजूंनी तपासणार. झाकली मूठ आजवर सव्वा लाखाची होती, ती आता चिमट्यांसकट उघडी पडणार.

म्हणून ये. दोन दिवस ये, काम कर, जा. बोलू नकोस हवं तर.

आणि आईच्या निळ्या झग्याचा विषय मी काढणार नाही. तो तूच नेलास हे मला पक्कं ठाऊक आहे, पण विषय काढणार नाही.

ताई

९ ऑक्टोबर

धाकटीस,

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ: "आधी आईचा निळा झगा परत दे, मग बघू."

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. मी परत देऊ? मी? अगं, आईला शेवटचा निरोप देऊन आलो, कपाट उघडलं, तर हँगर रिकामा. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. माझ्या बघण्यात नुसतं आश्चर्य होतं. तुझ्या बघण्यात काय होतं ते तुझं तुला माहीत. आईचा तो एकच रेशमी झगा. माझ्या लग्नात तोच, तुझ्या लग्नात तोच. मला तो हवा होता कारण मी मोठी. तुला हवा होता कारण तुझा बांधा आईसारखा, असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचीस. आईला विचारलं की ती एवढंच म्हणायची, "बघते मी काय करायचं ते." आणि बघायच्या आत गेली.

जाऊ दे. विषय काढायचा नाही म्हटलं होतं.

ते जाणकार आले. गळ्यात दोरीला एक मोठं भिंग असतं, म्हणून गवंड्यांनी त्यांचं नाव भिंगवाले ठेवलंय. माणूस वाईट नाही. सकाळी येतो, परांचीवर उताणा पडतो आणि छताशी गप्पा मारत बसतो. छतावरचा सिंह आठवतो? आपण ज्याला 'मोत्या' म्हणायचो? ते म्हणाले, "रंगाऱ्यानं जन्मात सिंह बघितलेला नव्हता. पाद्र्यांनी सांगितलं, चार पाय, आयाळ, चेहरा रागीट. त्यानं घरचा कुत्रा समोर बसवला आणि मानेला गवत बांधलं." आपण लहान असताना हेच म्हणत होतो, तेव्हा आईनं कान उपटले होते. मग त्यांनी मोठ्या वेदीवरचा उजवा देवदूत दाखवला. त्याला दोन्ही हात डावे आहेत! मी जन्मभर त्याच्यासमोर गुडघे टेकलेत, माझ्या कधी लक्षात आलं नाही. दोन कारागिरांनी एकेक हात घरी नेऊन कोरला असणार आणि एकमेकांना विचारलं नसणार, असं ते म्हणाले. म्हणजे बघ, न बोलण्याचे परिणाम पार स्वर्गापर्यंत जातात. हे मी सहज लिहिलं. तुला काही लागायचं कारण नाही.

मग स्वारी थोरल्यांकडे वळली. खालूनच, कोनाड्यात. अर्धा तास बघत राहिले. मी बाजूच्या बाकावर पितळी समया घासतेय असं दाखवत बसले. शेवटी फादरना म्हणाले, "इथल्या कारागिरानं परक्यांचा सडपातळ नमुना झुगारून दिला. ही भरलेली कंबर, हे पोट! इथल्या मातीतली समृद्धीची कल्पना आहे ही. यावर मी लेख लिहिणार."

समृद्धी! अगं, इतक्या पिढ्यांच्या पोशाखांचा बोळा आहे तो. पणजीच्या वेळेपासून थोरल्या दर दशकाला चार बोटं सुटतायत. मी समई इतकी घासली की तिचं नक्षीकाम गेलं.

त्याहून कहर पुढे. डाव्या हाताची करंगळी. तुला आठवतं, वाळवीनं खाल्ली होती? तू गेल्यावर ती एक दिवस गळून पडली. मी आमच्या यांना सांगितलं, शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्यासाठी एक बोट करून द्या. हे कवळ्या करतात, तर त्याच मसाल्यात यांनी बोट करून दिलं, हिरडीच्या गुलाबी रंगाचं, वर मी थोडा रंग फासला. भिंगवाल्यांनी नेमकं त्या करंगळीवर भिंग धरलं आणि म्हणाले, "सगळ्या मूर्तीत जिवंत असेल तर हे बोट!" आमचे हे नेमके तेव्हा डबा द्यायला आले होते. त्यांनी बोट ओळखलं. तोंड उघडं ते उघडंच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गप्प बसले बिचारे, पण घरी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होते.

मूर्ती मंगळवारी उतरवणार आहेत. त्याच्या आत ये. झग्याशिवाय आलीस तरी चालेल, बघ, मी किती पडतं घेतेय.

ताई

१४ ऑक्टोबर

धाकटीस,

तू आली नाहीस. व्हायचं ते झालं.

काल चार गवंड्यांनी थोरल्यांना उतरवायला घेतलं. मी म्हटलं होतं, आडवं करू नका. कोण ऐकतंय? पहिल्याच पायरीवर एक जण म्हणाला, "देखणी आहे, पण जड आहे हो." दुसरा म्हणाला, "लाकूड मऊ लागतंय." मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. खाली आणून उभ्या केल्या, त्यांची पाठ लोकांकडे. चिमटे दिसले. लाल, हिरवे, पिवळे, आणि मधला एक लाकडी, कारण प्लास्टिकचे कमी पडले होते.

फादर म्हणाले, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "चिमटे आहेत, फादर."

"ते दिसतंय मला. पण का आहेत?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर तीनशे वर्षं मागून सुरू करावं लागलं असतं. तेवढ्यात भिंगवाल्यांनी कंबर मोजायला टेप गुंडाळला आणि जरा आवळला. आतून कर्र असा आवाज आला. मी तो आवाज ओळखला. तुला आठवतं, तिसऱ्या पट्टीला आधीच चीर होती? ती गेली. आणि थोरल्यांचं पोट फुटलं.

काय सांगू तुला! आधी चिमटे सुटून माझे वरवर चढवलेले जांभळे पोशाख आले, मग आईचे, मग आजीचा तो तपकिरी, ज्याला ती 'साधा पण टिकाऊ' म्हणायची. ते थांबेचनात. जत्रेतला जादूगार टोपीतून रुमाल काढतो तसं चाललं होतं. एक गवंडी गुडघ्यावर बसला. दुसरा हसत सुटला आणि मग आपण चर्चमध्ये आहोत हे आठवून त्यानं खोकल्याचं सोंग केलं. फादर पांढरेफटक. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली, ती चुकली, पुन्हा केली. भिंगवाले मात्र जमिनीवर मांडी घालून बसले, एकेक पोशाख उलगडून बघायला लागले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, गेला याचा लेख, आता रडणारच. तर म्हणाले, "बाई, तुम्हाला कल्पना आहे का, हे काय आहे? तीन शतकांचं शिवणकाम एका जागी! असं मी कुठेही बघितलेलं नाही." त्यांनी समृद्धीचा लेख तिथल्या तिथे मोडीत काढला. अशी आपली चूक एका दमात गिळणारा माणूस मी प्रथमच बघितला. आपल्या घरात तर नाहीच.

मग ते मोकळ्या पिंजऱ्याकडे वळले. एका पट्टीवर आतून काहीतरी डागलेली अक्षरं होती. आपण लहानपणी ती बघायचो आणि तू म्हणायचीस, ते भुताचं नाव आहे. ती गोऱ्यांच्या भाषेतली निघाली. भिंगवाल्यांनी वाचली: 'नाजूक. हळू उतरवा.' ज्या खोक्यातून डोकं आलं, तेच खोकं मोडून सुतारानं पिंजरा केला होता. म्हणजे थोरल्या आजतागायत आपल्या खोक्यातून बाहेरच आलेल्या नाहीत. गवंडी लगेच म्हणाले, "आधी वाचलं असतं तर हळू उतरवलं असतं की."

अजून एक गोष्ट निघाली. अगदी तळातून. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही. ये आणि बघ.

ताई

१८ ऑक्टोबर

धाकटीस,

तुझं कार्ड: "काय निघालं? खरं सांग."

काही विशेष नाही. कापडच. निळं वगैरे काही नाही. निळं मी कुठं म्हटलं? तू विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, एवढंच.

इथं वेगळंच सुरू झालंय. भिंगवाल्यांना थोरल्या हव्या आहेत. शहराच्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात, पोट उघडं ठेवून. लोकांना कळावं म्हणून शेजारी पाटी. फादर विचारात पडलेत. ते मला म्हणाले, "बाई, मला कलेतलं काही कळत नाही. मला एवढंच कळतं की येत्या रविवारी चर्च उघडतंय, डावी वेदी रिकामी दिसली तर लोक मला सोडणार नाहीत, आणि फाटक्या पोटाची मूर्ती वर चढवली तर अजिबातच सोडणार नाहीत. शनिवारपर्यंत ती पूर्वीसारखी उभी राहत असेल तर राहू दे. नाहीतर नेऊ देत त्यांना. मी मोल्डमधली एक नवी मागवतो, धुता येते म्हणे."

धुता येते! म्हणजे नेसवायला नको, शिवायला नको, आपण नको. खापरपणजीच्याही आधीपासूनचं काम एका ओल्या फडक्यावर संपणार.

यांनी पट्टी बसवून दिली, कवळीचा चिकट मसाला लावून. आता पिंजरा पोलादासारखा झालाय, थोरल्या हव्या तर सुपारी फोडतील. पण पोशाख? जुने सगळे भिंगवाल्यांनी अभ्यासाला घेतलेत. नवा शिवायला वेळ नाही. आणि शिवला तरी दुसरी बाई कुठाय? मी गल्लीतली कोणी बोलावू शकत नाही असं नाही. पोट फुटलेलं सगळ्या गावानं ऐकलंय, आता गुपित कसलं? पण मी बोलावणार नाही. का नाही, ते विचारू नकोस.

शनिवारी दुपारची बस साडेतीनला चौकात येते. तुला माहीत आहेच. वेळ बदललेली नाही, एवढंच कळवते.

ताई

२१ ऑक्टोबर

छोटे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी अंघोळीला होते आणि फोन यांनी घेतला. तू विचारलंस, "निळाच ना?" आणि यांनी आनंदानं सांगितलं, "हो, निळाच!" मी ओल्या केसांनी धावत आले तोवर तुझं बोलून झालं होतं. यांनी मला शब्दन् शब्द सांगितला. "ताईनंच तो आत दडवला, अकरा वर्षं माझ्यावर आळ घेतला, आता मी मेले तरी येणार नाही." यांनी तुझ्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. मी त्यांच्याशी बोलत नाहीये.

आता नीट ऐक. वाच.

मी दडवला असता तर पिंजरा उघडायला दुसरी बाई कुठून आणली असती? तू गेल्यापासून पिंजरा उघडलेलाच नाही. तो शेवटचा उघडला तेव्हा आपण तिघी होतो. आठव. आईला उभं राहवत नव्हतं, ती स्टुलावर बसली होती. वरचा पिंजरा आपण दोघींनी धरला होता. तू म्हणत होतीस, "तुझी बाजू खाली जातेय," मी म्हणत होते, "तुझीच जातेय," थोरल्यांचं नाक माझ्या कानात आणि तुझी कोपरं माझ्या बरगडीत. आई खाली बसून आत, अगदी तळाशी, काहीतरी भरत होती. आपल्या दोघींच्या डोळ्यांदेखत! आणि आपण खाली बघितलं नाही, एकमेकींकडे बघून डोळे वटारत होतो. काम झाल्यावर ती म्हणाली होती, "पुढच्या वेळी आधी आतलं काढा, मगच नवं घाला." मी म्हटलं, "हो हो." तूही म्हणालीस, "हो गं." आपल्याला वाटलं, म्हातारीचं चाललंय.

झगा तळाशी होता, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला. पण तो आता झगा नाही. आईनं तो उसवून थोरल्यांच्या मापाचा पोशाख बेतलाय. अंग पूर्ण, गळा पूर्ण. बाह्या नुसत्या टाचलेल्या, पिवळ्या कच्च्या दोऱ्यानं. तू म्हणशील, शिवता शिवता राहून गेल्या. मलाही तेच वाटलं. पण भिंगवाल्यांनी विचारलं, "बाई, काम अर्धवट राहिलं तर एक सुई राहते. इथं दोन का?"

दोन सुया आहेत गं. उजव्या बाहीत एक, डाव्या बाहीत एक. दोन्ही ओवलेल्या. उजवीत दोरा वीतभर, कारण लांब दिला की माझा गुंता होतो. आणि डावीत हा लांबलचक दोरा, हातभर आणि वर, कारण तुला पुन्हा पुन्हा सुई ओवायचा कंटाळा. आई काय म्हणायची ओवताना? "घ्या, घाबरटाचा आखूड, आळशाचा लांब." लहानपणी आपण तिच्या दोन बाजूंना बसायचो तेव्हा ती अशाच ओवून द्यायची. मी त्या फडक्यापुढे बसले आणि फादर, भिंगवाले, गवंडी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. गवंड्यानं मला पाणी दिलं, त्यात सिमेंट होतं.

तिला आपण पक्क्या ठाऊक होतो. झगा मला दिला असता तर तू रुसली असतीस, तुला दिला असता तर मी. म्हणून तिनं तो थोरल्यांना दिला आणि आपल्याला एकेक बाही दिली. पुढच्या वेळी दोघी मिळून पिंजरा उघडतील, दोघींना सापडेल, हसतील, शिवतील. एवढा साधा हिशेब होता तिचा. पुढची वेळ येईलच, हे तिनं धरून चाललं. तेवढं मात्र तिचं चुकलं.

उजवी बाही मी काल पूर्ण केली. सुई गंजली होती, पण मी तीच वापरली. तिनं ओवलेला दोरा पहिल्या टाक्यांनाच पुरला, पुढचा मी तसाच आखूड ओवत गेले.

डाव्या बाहीला मी हात लावलेला नाही. लावणारही नाही. मला तासाभराचं काम आहे, आणि तुझ्यापेक्षा सरळ होईल, हे तुलाही मान्य असेल. पण ती माझी नाही. तशीच राहिली तर थोरल्या एका बाहीनं शहरात जातील, आणि पाटीवर काय लिहायचं ते भिंगवाल्यांना मी सांगेन.

आणि खरं सांगू का? मी तुला बाहीसाठी बोलावत नाहीये. पहिल्या पत्रापासून नव्हते बोलावत. मला तुझी आठवण येते. आमचे हे माझ्याशी भांडत नाहीत, नुसतं 'बरं' म्हणतात. बरं म्हणणाऱ्याशी माणूस किती वर्षं काढणार?

साडेतीनची बस.

तुझी ताई

२५ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

छोटे,

तू आतल्या खोलीत घोरते आहेस, त्यामुळे खरं तर पत्राची गरज नाही. पण हाताला सवय लागलीय.

काल मी चौकात गेले नव्हते. म्हणजे गेले होते, पण औषधाच्या दुकानात उभी होते, खोकल्याची बाटली बघत. साडेतीनच्या बसमधून तू उतरली नाहीस. मी ती बाटली विकत घेतली आणि घरी आले. मग दिवेलागणीला दार वाजलं. दारात तू, हातात तीच पिशवी. गाडी चुकली, दुसरी पकडली, हे सांगायचं सोडून तू काय म्हणालीस? "काय बघतेस? गलबत आलंय. हळू उतरवून घे."

मी हसले की रडले ते तुला दिसलं असेलच. माझ्या पांढऱ्या केसांवर मात्र बोलायची गरज नव्हती.

तू चहाही न घेता बाही घेऊन बसलीस. तासाभराचं काम तुला तीन तास लागले. आणि टाका वाकडाच आहे. मी म्हटलं, "उसव, मी करते." तू म्हणालीस, "हात लावून बघ फक्त." आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "हां, आता घर घरासारखं वाटतंय." त्यांच्याशी मी बोलायला लागले आहे, पण अजून सगळं नाही.

मग चर्चमध्ये तो प्रकार. आईनं पोशाख थोरल्यांच्या जुन्या कमरेला बेतलेला, आणि थोरल्या तर आता हाडाची काडी. वरचा पिंजरा दोघींनी उचलला ("तुझी बाजू खाली जातेय," तू. "तुझीच जातेय," मी), मग तो मी एकटीनं पेलला आणि तू माझ्या दोन उशा आत कोंबल्यास, तरी निळं रेशीम लोंबतंय. फादर म्हणाले, "लोक विचारतील, आजारी होत्या का?" मग तू पिशवीतून तो गठ्ठा काढलास. वर माझी पत्रं, सगळी, एकही न फाडलेली. आणि खाली तुझी. माझ्या प्रत्येक पत्राला तू चार-चार, पाच-पाच पानं उत्तर लिहिलंस, आणि पोस्टात टाकलंस ते फक्त कार्ड! ह्या पंधरवड्यातलीच नाहीत, त्यात कित्येक वर्षांपूर्वीची आहेत, पिवळी पडलेली, 'ताईस' म्हणून सुरू केलेली. मी म्हटलं, "दे, वाचू दे." तू ती माझ्या डोळ्यांदेखत थोरल्यांच्या कमरेत दाबलीस आणि म्हणालीस, "वाचशील. पुढच्या गलबतानं."

ठीक आहे. पुढच्या नेसवणीला पिंजरा उघडायचाच आहे, आणि आईनं सांगितलंय, आधी आतलं काढायचं. तेव्हा तुला यावंच लागणार, कारण एकटीला तो उघडत नाही. तू हे मुद्दाम केलंस की काय, असा मला रात्रभर संशय येत होता. आईची मुलगी शोभतेस.

भिंगवाले आज मिस्साची प्रार्थना झाल्यावर जाणार आहेत, थोरल्यांना न घेता, जुने पोशाख तेवढे अभ्यासापुरते घेऊन. त्यांना मी करंगळीचं सांगून टाकलं. ते खूप हसले आणि म्हणाले, तरी सगळ्यात जिवंत बोट तेच आहे.

घंटा व्हायला अजून वेळ आहे. उठलीस की चहा झाकून ठेवलाय तो गरम करून घे आणि लगेच चर्चमध्ये ये, मी पुढे होते. शेवटचे बंद बांधायचे राहिलेत, आणि पाठीला चिमटे नकोत आज. येताना हे पत्र घेऊन ये, आणि बांधायच्या आधी डाव्या कुशीत सरकव. तुझ्या बाजूला अजून जरा पोकळ आहे.

ताई